बिलियर्ड्सची जुनी पुस्तकं स्वस्तात: रीप्रिंट, स्कॅन आणि भाच्याची बॅग

पार्सल आलं तेव्हा मी जाम खूश होतो, खोटं कशाला बोलू. ६४९ रुपये, डिलिव्हरी फुकट, आणि पुस्तक कुठलं तर १८९६ सालचं ‘बिलियर्ड्स’, मेजर ब्रॉडफूट यांचं, लंडनच्या लाँगमन्स ग्रीनने काढलेल्या बॅडमिंटन लायब्ररी मालिकेतलं. बाहेरून एकदम राजेशाही थाट, लालसर रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. बायको म्हणाली पोथी मागवलीस की काय. चहा तसाच ठेवून मधलंच एक पान उघडलं. मजकूर ठीक, वाचता येतोय, खाली आकृती. आकृती म्हणजे एक आयत आणि त्यात तीन काळे डाग. बस. चेंडू कुठून निघाला, कुठे आपटला, कुठल्या खिशात गेला ते दाखवणारी रेषच गायब! पुढचं पान उलटलं, तेच. अजून दहा पानं पुढे गेलो तर एका पानाच्या कोपऱ्यात चक्क कोणाचं तरी बोट छापलेलं, स्कॅन करताना पान दाबून धरणाऱ्या माणसाचं, आणि त्या बोटाखाली आकृतीचा डावा खालचा खिसा.

आता ज्यांना बिलियर्ड्स माहीत नाही त्यांना वाटेल एवढं काय त्यात, मजकूर तर आहे ना. पण या पुस्तकांत मजकूर हा आकृतीला लावलेला शेपूट असतो हो. ‘चेंडू आकृतीत दाखवल्याप्रमाणे ठेवावेत’ असं वाक्य आलं की पुढचा सगळा परिच्छेद त्या आकृतीवर लटकलेला. रेसिपीच्या पुस्तकात साहित्याची यादीच पुसून टाकली आणि ‘वरील साहित्य नीट ढवळा’ तेवढं ठेवलं तर कसं होईल, तसं.

दुसऱ्या दिवशी हे पुस्तक क्लबात घेऊन गेलो. आमच्याकडे एक जुने मार्कर आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, आयुष्यभर लोकांचे स्कोअर मांडले, क्यूला टिप बसवल्या, आणि गुपचूप बघून बघून त्यांना जेवढं कळतं तेवढं आमच्यातल्या कोणालाच कळत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान उजेडात धरलं, आडवं केलं, उभं केलं, आणि म्हणाले, “ह्यात लाल कुठला?”

मी म्हटलं, “तेच तर विचारायला आलोय.”

“आणि स्पॉट कुठला?”

हा दुसरा प्रश्न अजून वाईट. कारण त्या काळी आजच्यासारखा पिवळा चेंडू नव्हता, दोन पांढरे असायचे आणि त्यातल्या एकावर ठिपका, तो स्पॉट बॉल. माझ्या रीप्रिंटमध्ये तिन्ही डाग सारखेच काळे. काकांनी पुस्तक मिटलं, बांधणीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “कव्हर झकास आहे.” एवढंच. यापेक्षा नेमका रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही, तरी लिहितोच.

मुळात ही असली पुस्तकं लागतात कशाला, तर यूट्यूबवर स्नूकरचं आणि पूलचं शिकवणारे ढिगाने आहेत पण तीन चेंडूंच्या इंग्लिश बिलियर्ड्सचं नीट बैजवार सांगणारं फार कमी. हा खेळ जेव्हा राजा होता, म्हणजे साधारण १८७० ते १९३५ या काळात, तेव्हाच त्याचं खरं लिखाण झालं. गंमत म्हणजे आपल्याकडे हा खेळ काही परका नाही, विल्सन जोन्स जन्माने पुण्याचे, १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले, कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात, १९६४ ला न्यूझीलंडमध्ये परत जिंकले. मग मुंबईचे मायकेल फरेरा. आणि स्नूकर तर जबलपूरच्या लष्करी मेसमध्येच जन्मलं १८७५ मध्ये. तरी पुस्तकं शोधायला जावं तर आपल्याकडे ठणठणाट. बिलियर्ड्सची पुस्तकं होती ती साहेबांच्या क्लबांत, आणि क्लबांनी लायब्रऱ्या आवरल्या तशी ती रद्दीत गेली.

तर परत त्या रीप्रिंटकडे. हे धंदे कसे चालतात ते मला नंतर कळलं. छापखान्यात हे पुस्तक पडून नसतंच. कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाच्या लायब्ररीतली प्रत कधीकाळी स्कॅन झालेली असते, ती फाइल इंटरनेटवर फुकट, ती उतरवायची, तुम्ही ऑर्डर दिली की मशीनवर एक प्रत छापायची आणि बांधून पाठवायची. बेकायदा काहीच नाही, एवढ्या जुन्या पुस्तकाचे हक्क कधीच संपलेत. अडचण स्कॅनची आहे. पूर्वीचे बरेच स्कॅन फाइल हलकी व्हावी म्हणून निव्वळ काळं-पांढरं असे केलेले, राखाडी छटा नाहीच, मग करडी बारीक रेष एकतर पांढऱ्यात विरते नाहीतर काळी होऊन फासते. अक्षरं जाड असतात म्हणून ती वाचतात. शिवाय काही पुस्तकांत मोठ्या आकृत्यांची घडीची पानं असतात, ती घडी न उलगडताच स्कॅन केलेली सापडतात, म्हणजे टेबलाचा अर्धा भाग कायमचा आत. आणि काही कंपन्या तर पानाचं चित्र न छापता कॉम्प्युटरने वाचलेला मजकूर नव्याने टाइप होऊन छापतात, त्यात आकृत्याच नसतात, शिवाय ‘cue’ चं काहीतरी भलतंच झालेलं असतं.

मी ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण असे एकसारखे दहाजण आहेत आणि सगळ्यांची कव्हरं सारखीच चकचकीत. तक्रार केली तर उत्तर आलं, सर मूळ स्कॅन जसा आहे तसा छापलाय, वर्णनात तसं लिहिलेलं आहे. जाऊन बघितलं तर खरंच लिहिलेलं, अगदी तळाशी, ‘जुन्या पुस्तकात काही त्रुटी असू शकतात’. त्रुटी! अहो आख्खं टेबल आंधळं करून टाकलंय. दोन आठवडे मेलामेली करून शेवटी निम्मे पैसे परत आले, पुस्तक तुमच्याकडेच ठेवा म्हणाले. ते आता क्लबात कॅरमच्या टेबलाचा पाय सपाट करायला वापरतात, आणि तिथे उत्तम काम देतंय.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, इंटरनेट आर्काइव्ह उघडलं. तिथे याच पुस्तकाचं स्कॅन फुकट. इथे एक गोष्ट नीट सांगतो कारण यातच सगळं आहे: एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या लायब्रऱ्यांतल्या प्रती वेगवेगळ्या वेळी स्कॅन झालेल्या असतात, सर्चमध्ये पहिली आली ती उतरवली असं करायचं नाही. प्रत्येक स्कॅन उघडायचा, मजकुराकडे ढुंकून बघायचं नाही, सरळ पहिल्या आकृतीवर जायचं आणि झूम करायचं. रेष दिसते का, तिन्ही चेंडू वेगळे ओळखू येतात का. पानाला पिवळट रंग दिसला म्हणजे रंगीत स्कॅन, तो घ्या. पांढराशुभ्र कागद आणि कोळशासारखी अक्षरं दिसली की समजायचं, हाच तो माल जो त्यांनी मला ६४९ ला विकला.

मला चांगला स्कॅन सापडला. बघितलं आणि अक्षरशः हसलो, तीच आकृती, तोच आयत, आणि आत केसासारखी बारीक रेष, लालवर आपटून कोपऱ्याच्या खिशाकडे वळलेली, इतकी सरळ की कोणीतरी काल काढली असावी. पुस्तक साधारण साडेचारशे पानांचं. सगळं न छापता आकृत्यांचे भाग तेवढे काढले, दीडशे पानं भरली, अप्पा बळवंत चौकाजवळ एका झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट काढून स्पायरल मारून घेतलं. त्याला दोनदा सांगावं लागलं की ‘डार्क’ करू नको, त्यांना सवय असते अक्षरं ठळक करायची, आणि ते बटण दाबलं की आपली रेष परत गेली. सगळं मिळून तीनशेच्या आत. टेबलाशेजारी उघडं ठेवायला स्पायरल बरं पडतं, बांधणीचं पुस्तक आपोआप मिटतं आणि मग त्यावर चॉकचा डबा ठेवावा लागतो.

पण हा फुकटचा रस्ता जुन्यात जुन्या पुस्तकांपुरताच. बेनेट यांचं १८७३ चं, मॅंगो यांचं १८२७ चं फ्रेंच, (क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावायची कल्पना ज्यांच्या नावावर आहे तेच हे मॅंगो), कोरिओलिस यांचा १८३५ चा गणिती ग्रंथ, हो तेच कोरिओलिस, फिरत्या पृथ्वीवर वारे वळतात त्याला ज्यांचं नाव आहे ते, त्यांनी बिलियर्ड्सच्या चेंडूंवर आख्खं पुस्तक लिहिलंय. ही सगळी हक्कमुक्त. अमेरिकेचे बिलियर्ड्सपटू विली हॉपी यांचं १९२५ चं आत्मचरित्रही अमेरिकेत हक्कातून सुटलंय, आणि त्याचं तर १९७५ साली डोव्हर या प्रकाशकाने पेपरबॅक काढलेलं, ते जुन्यात बऱ्यापैकी स्वस्त मिळतं, रीप्रिंट कसं असावं याचा नमुना म्हणून बघा, म्हणजे सरसकट रीप्रिंट वाईट असं माझं म्हणणं नाहीये.

स्नूकरचे जगज्जेते जो डेव्हिस यांच्या पुस्तकांचं मात्र असं नाही. ‘हाउ आय प्ले स्नूकर’ १९४९ चं, ‘कम्प्लीट स्नूकर’ १९७४ चं, आणि गृहस्थ गेले १९७८ ला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०३८ संपेपर्यंत ती कोणी स्कॅन करून विकत असेल तर ती चोरी. आर्काइव्हवर असली पुस्तकं तासाभरासाठी ‘उधार’ मिळायची, पण अमेरिकेत चार प्रकाशकांनी २०२० ला केस केली, २०२३ ला आर्काइव्ह हरलं, २०२४ ला अपिलातही हरलं, आणि पाच लाखांच्या वर पुस्तकं त्या उधारीतून निघाली. त्यामुळे कालपर्यंत वाचत होतो ते आज दिसत नाही असं झालं तर गोंधळू नका.

आता चांगली बातमी अशी की जो डेव्हिस दुर्मिळ वगैरे काही नाहीत. इंग्लंडमध्ये ही पुस्तकं इतकी खपली की तिथे ती चॅरिटी शॉपच्या फळीवर पडून असतात. इथे आपल्या साइटवर कोणीतरी ‘रेअर, व्हिंटेज’ लिहून चार हजार लावलेले असतात, आणि तेच तिकडे एबेबुक्सवर नाहीतर ईबेवर पाच-सहा पौंडांत. कात्री लागते ती पोस्टेजमध्ये. पुस्तक पाच पौंड आणि भारतात पाठवायचे पंधरा-वीस, वरून २०१९ च्या बजेटपासून बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के कस्टम्स ड्युटी, आणि कुरियरने आलं तर त्यांचा हाताळणीचा वेगळा आकार, जो कधीकधी ड्युटीपेक्षा जास्त.

यावर माझा उपाय म्हणजे ताईचा मुलगा. तो लेस्टरला असतो. इंग्लंडच्या आत पोस्टेज थोडकंच, पत्ता त्याचा द्यायचा, आणि दिवाळीला येताना त्याने आणायचं. पहिल्या वर्षी दोन पुस्तकं आणली, दुसऱ्या वर्षी पाच झाली तेव्हा फोन आला, “मामा, तेवीस किलोच्या बॅगेत चार किलो तुझं बिलियर्ड्स आहे, आई म्हणते चॉकलेटं काढ.” मग ठरलं, वर्षाला दीड किलो. ज्यांना भाचा नाही त्यांनी एकाच विक्रेत्याकडून तीन-चार पुस्तकं एकदम मागवावीत, पोस्टेज वाटलं जातं, आणि विचारलं तर बरेच जण साध्या पोस्टाने पाठवायला तयार असतात, उशीर लागतो पण आपल्याला कुठे परीक्षा आहे.

शोधताना काही गमती होतात त्या आधीच सांगून ठेवतो. नुसतं ‘बिलियर्ड्स’ टाकलं की टेबलावरचे दिवे येतात. ‘बॅडमिंटन लायब्ररी’ टाकलं की शटलकॉक आणि रॅकेटा. (ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या वाड्याचं नाव बॅडमिंटन हाउस, त्यावरून खेळाचंही नाव पडलं आणि ड्यूकच्या या पुस्तकमालिकेचंही, १८८५ पासून निघत होती, त्यात शिकार, मासेमारी, क्रिकेट सगळं आहे.) म्हणून लेखक, प्रकाशक आणि साल तिन्ही घालून शोधा. आणि विक्रेत्याने चुकीचं स्पेलिंग टाकलेलं असेल तर ती प्रत कोणाला सापडत नाही आणि स्वस्तात पडून राहते, म्हणून मुद्दाम चुकीची स्पेलिंगंही टाकून बघा. बिलियर्ड्सवर लिहिणारे रीसो लेव्ही यांचं आडनाव शेवटी आय की वाय या घोळावर मी एक प्रत निम्म्या भावात उचललीय.

वर्णनात ‘एक्स लायब्ररी’ लिहिलेलं असलं की संग्राहक नाक मुरडतात, शिक्के असतात, पाठीवर नंबर चिकटवलेला असतो. आपण खेळायला घेतोय, कपाटात मिरवायला नाही, तेव्हा तेच घ्या. डस्ट जॅकेट नसलं की किंमत खाली येते, तेही चालेल. कागदावर तपकिरी डाग चालतील. फक्त एक करा, विक्रेत्याला मेल टाका की सगळ्या आकृत्या आणि घडीची पानं शाबूत आहेत का, एका आकृतीचा फोटो पाठवता का. जुनी आकृत्यांची पानं लोक फाडून फ्रेम करून विकतात, क्लबांच्या भिंतींवर लागलेली असतात ती हीच. फोटो पाठवायला जो कुरकुरतो त्याचं पुस्तक सोडून द्यायचं.

सगळंच स्वस्तात मिळतं असंही नाही. एडी रॉबिन यांचं ‘विनिंग वन पॉकेट’, पूलच्या एका प्रकारावरचं, १९९३ चं, म्हणजे काही फार जुनं नाही, पण सहज मिळत नाही आणि खेळणाऱ्यांना हवंच असतं, मी बघितलं तेव्हा तीन आकडी डॉलर. त्याचा नाद सोडलाय. १८९६ चं पुस्तक १९९३ च्या पुस्तकापेक्षा स्वस्त, हे बायकोला समजावून सांगताना माझं मलाच पटेना. पण बॅडमिंटन लायब्ररीचे संच तेव्हा घराघरांत, क्लबाक्लबांत घेतले गेले, म्हणून त्यांच्या प्रती उरल्या. वय आणि किंमत यांचा फारसा संबंध नाही, किती छापली आणि किती जणांच्या माळ्यावर राहिली त्यावर सगळं.

एकदाच मला इथे घबाड मिळालं. मुंबईला कामाला गेलो होतो, हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर सवयीने डोकावलो, मॅनेजमेंटच्या गाइडांच्या ढिगात ‘कम्प्लीट स्नूकर’, आत कुठल्यातरी क्लबाचा जांभळा शिक्का आणि मागे पुस्तक परत करायच्या तारखांची चिठ्ठी, शेवटची तारीख १९८३ ची. दुकानदाराने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भाव ठरवला. “साहेब, पूलवालं ना? तीनशे.” मी दीडशे म्हटलं. तो म्हणाला, “तुमचा हात थरथरतोय, तीनशेच.” दिले. अशा फेऱ्या मी त्यानंतर वीसेक मारल्या असतील, किंग्ज सर्कल, फोर्ट, इकडे पुण्यात डेक्कनच्या बाजूला, एकही मिळालं नाही. तेव्हा फुटपाथच्या भरवशावर राहू नका, वडापाव खायला गेलात तर बघा.

आणि अखेर भाच्याच्या बॅगेतून ब्रॉडफूटची अस्सल प्रत आली. अठरा पौंड, तपकिरी कापडी बांधणी, पाठ जरा सुटलेली, पहिल्या पानावर कोणीतरी शाईने लिहिलेलं नाव आणि खोडलेलं. वास असा की बायकोने गॅलरीत दोन दिवस ठेवायला लावलं. पण आकृत्या! स्पायरलमध्ये नव्वद टक्के होतं ते इथे शंभर टक्के, आणि खरं सांगायचं तर वापरतो मी अजून स्पायरलच, अस्सल प्रत टेबलाशेजारी न्यायचं धाडस होत नाही. म्हणजे अठरा पौंड गेले ते हौसेचे.

स्पायरल मात्र काकांना दाखवली. हाफ-बॉल इन-ऑफची आकृती होती, म्हणजे आपल्या चेंडूचा मध्य समोरच्या चेंडूच्या कडेवर धरून मारायचा, समोरचा तीस अंशांत सुटतो आणि आपला वळून खिशात जातो, बिलियर्ड्सची बाराखडीच ती. काकांनी पान बघितलं, काही न बोलता लाल ठेवला, डीमध्ये, म्हणजे टेबलाच्या एका टोकाकडच्या अर्धवर्तुळात, पांढरा ठेवला, दोन्ही वेळा बोटाने आकृतीवर अंतर मोजून, आणि क्यू माझ्या हातात दिला. मी मारला. चेंडू खिशाच्या जबड्याला लागून बाहेर आला. परत मारला, परत तेच, बोटभर रुंद.

“पुस्तक चुकलंय,” मी म्हटलं.

“पुस्तकाच्या वेळी चेंडू हस्तिदंती होते,” काका म्हणाले, आणि लाल चेंडू साधारण अर्धा इंच डावीकडे सरकवला. “हां, आता मार.”